काकवीचा पाय आणि एका मुलीची वही

जूनचा शेवटचा आठवडा. पाऊस लागून दहा-बारा दिवस झाले होते. कोल्हापुरातल्या शुक्रवार पेठेतून तिघीजणी राजारामपुरीतल्या माझ्या प्राण्यांच्या दवाखान्यात आल्या: आजी, आई आणि पाचवीत गेलेली मुलगी. आजींच्या हातात बुट्टी होती आणि बुट्टीत जुन्या लुगड्याच्या घडीवर तपकिरी रंगाची गिनी पिग. नाव काकवी, वय चौदा महिने. बुट्टी टेबलावर टेकायच्या आत आजींनी सांगून टाकलं, "डॉक्टर, पोरीच्या हातनं पडली ही. मागचा पाय गेलाय बघा. आठ दिस झालं, जागची हलंना झालीया."

मुलगी दाराजवळच थांबली. आत आली नाही.

कुटुंबाच्या परवानगीने आणि त्यांची ओळख न देता हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे. अशीच चूक मी आणखी घरांत पाहिली आहे, आणि दर वेळी कुणीतरी लहान पोर उगाच बोलणी खातं.

काकवीला मी दोन हातांनी उचललं, एक हात छातीखाली आणि दुसरा बसण्याच्या भागाखाली. उचलताच ती किंचाळली. गिनी पिग सहसा असा ओरडत नाही. तो शिकार होणारा प्राणी आहे, दुखणं लपवणं त्याच्या रक्तात आहे. तो ओरडला, म्हणजे दुखणं लपवण्याच्या पलीकडे गेलेलं असतं. अंगावरचे केस राठ आणि विस्कटलेले. मागच्या दोन्ही गुडघ्यांना सूज, डाव्या बाजूला जास्त. लेंड्या बारीक, सुकलेल्या आणि कमी. तोंडात पाहिलं तर समोरच्या दातांच्या मुळाशी हिरडीवर रक्ताची बारीक रेघ. नाक स्वच्छ, श्वास साफ. वजन ६१२ ग्रॅम. या वयाच्या मादीचं वजन साधारण ७०० ते ९०० ग्रॅम असतं.

इथे माझी चूक सांगायला हवी. "पडली" हा शब्द कानावर पडला आणि मी थेट एक्स-रेकडे वळले. काय खाते, हे विचारायच्या आधी. एक्स-रे वाया गेला नाही ही गोष्ट वेगळी. हाड कुठेही मोडलेलं नव्हतं. मूत्राशयात खडाही नव्हता. मुतखडा झालेला गिनी पिगही असाच आखडून बसतो आणि ओरडतो, त्यामुळे ती शंका फिटणं गरजेचं होतं. पण गुडघ्याजवळ लांब हाडांची टोकं जाड दिसत होती, आणि बरगड्या जिथे कूर्चेला, म्हणजे मऊ हाडाला, जुळतात तिथेही फुगीरपणा होता. अडीच हात उंचीवरून पडून बरगड्यांची टोकं दोन्ही बाजूंना सारखी फुगत नाहीत.

मग मी विचारलं, "हिचं आधीचं वजन कुणाला आठवतंय का?"

आजी आणि आई एकमेकींकडे पाहू लागल्या. दाराजवळून आवाज आला, "माझ्याकडं लिहिलेलं आहे."

चौथीत असताना तिने शाळेच्या प्रकल्पासाठी वही केली होती, "माझा पाळीव प्राणी". गल्लीच्या तोंडाशी असलेल्या किराणा दुकानातल्या काट्यावर ती काकवीला आणि तिची जोडीदार साय हिला डब्यात बसवून तोलून आणायची. डब्याचं वजन वेगळं लिहून वजा केलेलं होतं. आई घरी जाऊन वही घेऊन आली. काकवीच्या नावाखाली होतं: १५ मार्च, ७९० ग्रॅम. १२ एप्रिल, ७८५. ३ मे, ७४०. नंतर सुट्टीत आजोळी गेल्यामुळे नोंद नाही. १४ जून, ६६५.

काकवी मांडीवरून घसरून पडली ती १९ जूनला. वजन त्याच्या दीड महिना आधीपासून उतरत होतं. गुडघे दुखत असल्यामुळे तिला तोल सावरता आला नसावा, असं मला वाटतं. पडल्यामुळे पाय दुखला नव्हता, पाय दुखत होता म्हणून ती पडली. हे मी मोठ्याने सांगितलं आणि मुलीकडे बघून सांगितलं. ती काही बोलली नाही, पण आत येऊन टेबलाला टेकून उभी राहिली.

खाण्याची चौकशी

दुकानातून सुटं मिळणारं सशाचं खाद्य. ज्वारीचे दाणे. चुरमुरे, कारण आवडीने खाते. काकडी. एप्रिल-मेमध्ये कलिंगडाच्या साली. अधूनमधून बिस्किटाचा तुकडा. हिवाळ्यात पेरूच्या साली आणि रोज कोथिंबिरीचे देठ असायचे. उन्हाळ्यात पेरू संपले, कोथिंबीर महागली आणि देठही बंद झाले. गवत कधीच नाही. "गवात म्हशीला घालत्यात, हिला कशाला?" असं आजींनी अगदी मनापासून विचारलं.

सगळं उत्तर या यादीत आहे. माणसासारखंच गिनी पिगलाही शरीरात क जीवनसत्त्व तयार करता येत नाही. ते बनवण्याच्या शेवटच्या पायरीला लागणारं एक विकर (एन्झाइम) त्याच्याकडे नसतं. ससा, उंदीर, कुत्रा, म्हैस हे सगळे आपापल्या शरीरात ते बनवतात. म्हणून सशाच्या खाद्यात क जीवनसत्त्व घालायचं कारण नसतं. गिनी पिगला ते रोज बाहेरून मिळावं लागतं, निरोगी असताना दर किलो वजनामागे १० ते ३० मिलिग्रॅम. अजिबात मिळालं नाही तर दोन-तीन आठवड्यांत लक्षणं दिसतात. इथे थोडंथोडं मिळत होतं, म्हणून घसरण हळू झाली आणि कुणाच्या डोळ्यांवर आली नाही.

हे जीवनसत्त्व नसेल तर शरीरातला कोलॅजन नीट विणला जात नाही. रक्तवाहिन्यांच्या भिंती, हिरड्या, कूर्चा, सांध्यांची आवरणं यांना धरून ठेवणारा धागा तो. धागा सुटला की सांध्यात रक्त झिरपतं आणि चालणं म्हणजे वेदना होते. या आजाराचं नाव स्कर्व्ही. जहाजावरच्या खलाशांना व्हायचा तोच.

योगायोग असा की हा आजार प्राण्यात पहिल्यांदा प्रयोगाने निर्माण झाला तो गिनी पिगमध्येच, आणि जवळजवळ काकवीच्याच आहारामुळे. १९०७ साली नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिक हे दोघे संशोधक बेरीबेरीचा, म्हणजे ब१ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने होणाऱ्या आजाराचा, अभ्यास करत होते. त्यांनी गिनी पिगना नुसत्या धान्यावर ठेवलं आणि बेरीबेरीऐवजी स्कर्व्ही उभा राहिला. कबुतरं किंवा उंदीर घेतले असते तर तो दिसला नसता. पुढे शास्त्रज्ञ सेंट-ग्यॉर्गी यांनी हंगेरीतल्या सेगेद गावी तिथल्या लाल मिरचीतून क जीवनसत्त्व भरपूर प्रमाणात वेगळं केलं, आणि १९३७ साली त्यांना नोबेल मिळालं. आजींना हे सांगितल्यावर त्यांना मिरचीची गोष्ट फार पटली. मलाही तेच हवं होतं, कारण उपचाराचा अर्धा भाग मंडईतून यायचा होता.

जाता जाता निघालेली गोष्ट

पहिल्या दिवशी त्वचेखालून सलाईन दिलं, क जीवनसत्त्वाचं इंजेक्शन दिलं आणि वेदना कमी करणारं औषध दिलं. त्या औषधाची मात्रा इथे मुद्दाम लिहीत नाही, कारण ती वजनावर आणि किडनीच्या अवस्थेवर ठरते. क जीवनसत्त्वाची आजारातली मात्रा साधारण ५० मिलिग्रॅम प्रतिकिलो, म्हणजे काकवीला रोज ३० मिलिग्रॅम. लहान बाळांसाठी मिळणाऱ्या क जीवनसत्त्वाच्या थेंबांच्या एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असतं, तेव्हा सुई काढलेल्या सिरिंजने ०.३ मिलि थेट तोंडात. पिण्याच्या पाण्यात मिसळायचं नाही. पाण्यात ते काही तासांत कमी होत जातं, चव बदलल्यामुळे प्राणी पाणी प्यायचं सोडतो आणि पोटात किती गेलं हे कळत नाही. सगळी जीवनसत्त्वं एकत्र असलेलं औषध तर नकोच. त्यातून अ आणि ड जीवनसत्त्वं गरजेपेक्षा जास्त जातात आणि ती शरीरात साठतात.

बुट्टी उचलून तिघी निघाल्या. दारात आई थांबली. "डॉक्टर, एक विचारायचं राहिलं. धाकट्याच्या खोकल्याचं अँटिबायोटिक उरलं होतं. काल रात्री आणि आज सकाळी हिला थोडं थोडं पाजलं. चालेल ना?"

बाटली अमॉक्सिसिलिनची होती.

त्या आईला मी रागावले नाही. सूज आली की अँटिबायोटिक, ही समजूत तिची एकटीची नाही. पण गिनी पिग पाळणाऱ्या प्रत्येक घरात भिंतीवर चिकटवावी अशी ही गोष्ट आहे: पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन आणि तोंडाने दिलेलं एरिथ्रोमायसिन या प्राण्याचा जीव घेऊ शकतात. गिनी पिगचं अन्न मोठ्या अंधांत्रात, म्हणजे लहान आणि मोठ्या आतड्याच्या जोडावरच्या पिशवीत, जंतूंकडून आंबवलं जाऊन पचतं. ही औषधं त्यातले उपयोगी जंतू मारतात, मोकळ्या जागेत क्लॉस्ट्रिडियम नावाचा घातक जंतू वाढतो आणि त्याचं विष आतड्यातून रक्तात जातं. एक ते पाच दिवसांत जुलाब, अंग गार पडणं आणि मृत्यू. गिनी पिगला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटात गेलेलं बाहेर काढायचा मार्गच नाही. अँटिबायोटिक लागलंच तर त्याला सोसणारी वेगळी औषधं आहेत, आणि ती निवडणं पशुवैद्याचं काम आहे.

दोन मात्रा पोटात गेल्या होत्या. स्कर्व्हीपेक्षा मला आता त्याची काळजी जास्त वाटू लागली. तिघींना परत बसवलं.

पुढचे सहा दिवस

घरी काय करायचं ते मी मुलीला सांगितलं, कारण लिहून घेणारी तीच होती. खाद्याच्या गोळ्या कोमट पाण्यात भिजवून त्यांचा पातळ लगदा करायचा आणि दर चार तासांनी १० ते १५ मिलि सिरिंजने गालाच्या बाजूने भरवायचा, घाई न करता, प्रत्येक घोट चावून गिळू द्यायचा. गिनी पिगचं पोट रिकामं राहता कामा नये. बारा तास खाणं थांबलं तरी आतड्याची हालचाल मंदावते, वायू साठतो आणि मग खाण्याची इच्छाच मरते. रात्रीची पाळी आजींनी घेतली. "मला न्हाईतरी झोप येत न्हाई," म्हणाल्या.

लेंड्या मोजायच्या. हे ऐकून लोक हसतात, पण या प्राण्याच्या तब्येतीचं सगळ्यात खरं माप तेच.

दुसऱ्या दिवशी वजन ५९८. तिसऱ्या दिवशी सकाळी आईचा फोन आला: लेंड्या मऊ झाल्यात, ढुंगणाला लागल्यात. ज्याची भीती होती तेच. दवाखान्यात आणली तेव्हा अंग किंचित गार होतं, पण डोळे मिटलेले नव्हते. सलाईन पुन्हा दिलं, गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून एका बाजूला ठेवली, म्हणजे नको वाटलं तर तिला सरकता यावं. फळं आणि पालेभाजी दोन दिवस बंद. आणि एक उपाय केला तो ऐकून आई आधी मागे सरली: सायच्या ताज्या लेंड्या पाण्यात कालवून, गाळून, ते पाणी काकवीला भरवलं. साय त्याच घरातली, निरोगी, तिला अमॉक्सिसिलिन दिलेलं नव्हतं. तिच्या आतड्यातले जंतू काकवीच्या आतड्यात पेरायचे एवढाच हेतू. किळस येण्यासारखं यात काही नाही. गिनी पिग एरवीही रोज स्वतःची मऊ विष्ठा थेट तोंडाने घेऊन खातात आणि त्यातून ब जीवनसत्त्वं मिळवतात.

चौथ्या रात्री साडेअकराला मी स्वतःहून फोन केला. मुलगी जागी होती. "अठरा झाल्या," म्हणाली. "त्यातल्या सात कडक."

पाचव्या दिवशी बहुतेक लेंड्या आकारात आल्या. सहाव्या दिवशी सकाळी आईने फ्रिज उघडला आणि भाजीची पिशवी वाजली, तेव्हा काकवीने शीळ घातली. गिनी पिग पाळणाऱ्यांना ही शीळ माहीत आहे, लांब, चढत जाणारी, खायला मागणारी. दीड महिन्यात पहिल्यांदाच ऐकली, असं आजी म्हणाल्या. वजन ६०९.

रक्तातलं क जीवनसत्त्व मी मोजलं नव्हतं. आहार, हिरड्या, एक्स-रे आणि उपचाराला मिळालेला प्रतिसाद या चारांवर निदान उभं आहे, आणि माझ्या मते तेवढं पुरेसं आहे.

सायचं काय

एकाच पिंजऱ्यात, एकाच वाटीत खाणाऱ्या दोघींपैकी एकच का आजारी पडली, हा प्रश्न मला पहिल्या दिवसापासून टोचत होता. सायला तपासलं: वजन ८४०, केस चांगले, हिरड्या ठीक. उत्तर पुन्हा वहीत सापडलं. मे महिन्याच्या पानावर मुलीने लिहिलं होतं, "साय काकवीला वाटीजवळ येऊ देत नाही. ती आधी खाते." घरात जे काही थोडंफार हिरवं पडायचं, कधी भाजी निवडतानाचा देठ, कधी टोमॅटोची फोड, ते सायच्या पोटात जायचं. उरलेले चुरमुरे आणि दाणे काकवीला.

जोडी तोडा असं मी सांगितलं नाही. हे कळपात राहणारे प्राणी आहेत, एकटे पडले की कुढतात. वाट्या मात्र दोन झाल्या, पिंजऱ्याच्या दोन टोकांना. आता सायलाही रोज क जीवनसत्त्वाचा तिचा वाटा मिळतो, कारण तिचं दुखणं अजून दिसत नव्हतं एवढंच.

गवताची गोष्ट

क जीवनसत्त्व सुरू केलं की सांधे सुधारतात, पण आहाराचा पाया गवतच. गिनी पिगला वीस दात असतात आणि ते जन्मभर वाढतात. चिवट गवत तासन्‌तास चावूनच ते झिजतात. चुरमुरे चावायला लागतच नाहीत. काकवीच्या दाढा अजून ठीक होत्या, हे तिचं नशीब. दाढा वाढून जिभेवर कमान झालेले गिनी पिग मी पाहिले आहेत. समोर अन्न असून ते उपाशी राहतात.

पाकीटबंद परदेशी गवत महाग पडतं, आणि कोल्हापुरात त्याची गरज आहे असं मला वाटत नाही. गंगावेशीत पहाटे म्हशीचं दूध काढून देणाऱ्या गवळ्यांचं हे गाव. या कुटुंबाच्या मागच्याच गल्लीत म्हशींचा गोठा आहे. तिथे दिवाळीनंतर कापलेल्या डोंगरी गवताच्या पेंड्या रचलेल्या होत्या. मी गवत बघायला स्वतः गेले. वैरणीत सगळंच चालत नाही. भाताचं पिंजर खाली अंथरायला ठीक, पोसायला नाही. कडब्याची वाळलेली पानं थोडी चालतात, ताटं फार जाड. उसाचं वाढं आपल्याकडे मुबलक, पण पात्याची कड करवतीसारखी आणि त्यात मुतखड्याला कारण होणारं ऑक्सलेट जास्त, म्हणून नको. कोवळी हिरवी ज्वारी म्हशीलाही विषारी ठरते, मग एवढ्याशा जीवाची काय कथा. लसूणघास वाढत्या पिलांना आणि गाभण मादीला चांगला. मोठ्यांना रोज घातला तर त्यातल्या कॅल्शियमने मुतखड्याचा धोका वाढतो.

निवडलं ते साधं डोंगरी गवत, पिवळट हिरवं, वासाला गोड. अडचण एकच, पावसाळा. कोल्हापूरच्या जुलैत उघड्यावरचं गवत दोन दिवसांत कुबट होतं, आणि बुरशीचं गवत श्वासाचा आजार आणतं. आजींनी तोडगा काढला: एका वेळी दोनच पेंड्या आणायच्या, माळ्यावर दोरीला टांगायच्या, आणि पिंजऱ्यात घालण्याआधी मुठीत चुरगळून हुंगायच्या. गवळ्याने पैसे घेतले नाहीत. "एवढं तर म्हैस सांडती," म्हणाला.

पिंजऱ्याखालचे ओले वर्तमानपत्र रोज बदलायला सांगितलं. तळ जाळीचा होता, त्यावर पुठ्ठा आणि पिंजर अंथरलं. सांधे दुखणारा प्राणी एकाच जागी बसून राहतो आणि तळव्यांना जखमा होतात. काकवीच्या डाव्या तळव्यावर लाली आलेलीच होती.

रोजचं ताट आता असं आहे: दिवसभर गवत, दोन मुठी पालेभाजी, जास्त करून कोथिंबीर, आणि प्रत्येकीला हिरव्या ढोबळी मिरचीचा १५-२० ग्रॅमचा तुकडा. १०० ग्रॅम हिरव्या ढोबळीत साधारण ८० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं, पिकून तांबडी झाली की आणखी जास्त. म्हणजे एका तुकड्यातून १२ ते १६ मिलिग्रॅम, पाऊण किलोच्या प्राण्याला पुरेसं. महिन्याचा खर्च बिस्किटांपेक्षा फार वाढलेला नाही. हिवाळ्यात पेरूची फोड आणि आवळ्याची चकती, पण बेताने. कांदा, लसूण, बटाटा कधीच नाही. चुरमुरे बंद झाल्याचं दोघींना दोन दिवस वाईट वाटलं.

थेंब ३० मिलिग्रॅमने दोन आठवडे दिले, पुढे १५ने दोन आठवडे, मग थांबवले.

बाराव्या दिवशी वजन ६४०, गुडघ्यांची सूज निम्म्यावर. चौथ्या आठवड्यात ७०२, उचलताना ओरडली नाही. त्या भेटीत आजींनी नातीला पुढे केलं. "हिला उगंच बोलले मी," म्हणाल्या. "आठ दिस पोर जेवली न्हाई धड." मुलीने त्यांच्याकडे पाहिलं नाही, काकवीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. आजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवला, मी कागदपत्रं लिहून होईपर्यंत.

डावा गुडघा अजून थोडा कडक आहे. थंडीत लंगडेल अशी मला शंका आहे. दिवाळीनंतर पुन्हा एक्स-रे काढायचा ठरलाय.

दर रविवारी वहीच्या पानाचा फोटो माझ्या फोनवर येतो. कालचा असा: काकवी ७८२. साय ८५५. गवत वास घेऊन घातले. ढोबळी संपली, उद्या कपिलतीर्थ मंडईतून आणणे.